झोपते कशी, ते सांग

कोणतीही नवी चिप अण्णा शिवलकरांच्या हातात ठेवली की ते चष्मा कपाळावर चढवायचे, चिप नाकाशी नेऊन तिच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायचे आणि खोली बघायला आलेल्या भाडेकरूची चौकशी करावी तशा सुरात विचारायचे, "झोपते कशी?"

मी तिचा वेग सांगायची, मेमरी सांगायची, तिच्यात काय काय सोयी आहेत त्याची जंत्री वाचायची. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे. ऐकताना त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले असत, त्यामुळे नवख्याला वाटे की हा गृहस्थ पेंगतोय. माझी जंत्री संपली की म्हणायचे, "हे सगळं जागेपणीचं झालं गो. दहा मिनिटांतला एखादा क्षण ती जागी असणार. उरलेल्या वेळाचं काय, ते सांग."

मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीत परतले होते आणि एमआयडीसीत दोन खोल्यांची कार्यशाळा उघडली होती. बॅटरीवर चालणारी बिनतारी उपकरणं आम्ही करतो. बागेतल्या मातीची ओल कळवणारी, बर्फाच्या कारखान्यातला थंडावा कळवणारी, अशी. अशा प्रत्येक डबीत एक विचार करणारी चिप असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात, आणि एक बोलणारी, म्हणजे रेडिओची. दोघींनी मिळून अंगठ्याएवढ्या एका सेलवर वर्षं काढायची असतात. हे जमतं ते एकाच कारणाने, त्या जवळजवळ सगळा वेळ झोपलेल्या असतात. पुण्यात मला हे कोणी शिकवलं नव्हतं असं नाही, पण पुण्यात मला घाई फार होती. अण्णांची गाठ पडली नसती तर मी आजही सगळ्यांत वेगवान चिप निवडत बसले असते आणि दर पावसाळ्यात छत्री घेऊन लोकांच्या बागांतून सेल बदलत हिंडले असते.

अण्णा मुळात जहाजावरचे रेडिओ ऑफिसर. उपग्रह आले, बोटींवरून ते पदच गेलं, आणि अण्णा मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, टेकाडावरच्या आपल्या घरी परत आले. मग वीस-पंचवीस वर्षं त्यांनी ट्रॉलरवरचे वायरलेस सेट दुरुस्त केले. त्याउपर त्यांची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनीच ठाऊक आहे. काही विचारलं तर ते कुठल्यातरी लांबच्या बंदरातल्या धुक्याबद्दल सांगू लागायचे आणि तुमचा प्रश्न त्या धुक्यात राहून जायचा.

चिपांबद्दल मात्र ते नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. एक चिप होती, झोप अगदी गाढ, कागदावर तर कुंभकर्णच. अण्णांनी तिला आठवडाभर बघितलं आणि परत केली. म्हणाले, उठल्यावर आळोखेपिळोखे फार देते. आणि खरंच, जागी झाल्यावर तिचं घड्याळ स्थिर व्हायलाच इतका वेळ जायचा की झोपेत वाचवलेलं सगळं ती उठताना उधळायची. दुसरी एक अर्धवट झोपायची. तिच्या एका कोपऱ्यातला भाग आम्ही बंद करायला विसरलो होतो आणि तो आपला आत कुजबुजत बसला होता. ती चूक माझी होती. अण्णांनी ती शोधून काढली आणि चकार शब्द बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी येताना माझ्यासाठी फणसाचे गरे आणले. मला त्यांचं हे वागणं कधी कधी फार जड जायचं. कोणी चार शब्द सुनावले की निदान भांडता तरी येतं.

छापील कागदावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. चिपच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक आकडा असतो, झोपेत ही किती कमी वीज खाते त्याचा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पंचवीस अंश तापमानाला. "कागद पंचवीस डिग्रीत राहतो," अण्णा म्हणायचे, "आपण कातळावर राहतो." चिप तापली की झोपेतसुद्धा तिच्यातून वीज झिरपायला लागते, आणि जांभ्याच्या उघड्या सड्यावर वैशाखात बंद डबी ठेवली तर तिला हात लाववत नाही. म्हणून अण्णा प्रत्येक चिपला घरामागच्या कातळावर घेऊन जायचे. तिथे काकींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, वाळवणं असायची. कोकमाची सालं, आंबापोळी, फणसाची साटं. त्यांच्याच रांगेत अण्णांच्या चिपा.

मोजायची रीतही त्यांची स्वतःची होती. एक मोठा कपॅसिटर विजेने भरायचा, चिपला जोडायचा आणि तेवढ्या शिदोरीवर ती किती वेळ तग धरते ते बघायचं. जितकी झोप चांगली तितका वेळ जास्त. मग अण्णा काजूच्या झाडाखाली आरामखुर्ची टाकून बसत. समोर समुद्राची रुंद पट्टी, मिरकरवाड्यात शिरणारे ट्रॉलर, वर घारी. मीटरचा आकडा इतक्या सावकाश उतरायचा की बघता बघता आपलंच भान जायचं. मी तिथे बसले की पहिली दहा मिनिटं मोबाइल चाचपायची आणि नंतर कधीतरी तो कुठे ठेवलाय हेच विसरायची. तास कसे जात ते सांगता येणार नाही. आयुष्यातल्या माझ्या सगळ्यांत सुखाच्या दुपारी त्या कातळावर गेल्या आहेत, आणि त्यात आम्ही झोपलेल्या वस्तूंवर लक्ष ठेवण्यापलीकडे काही करत नव्हतो.

अण्णांची एक सवय नव्या माणसाला घाबरवायची. जुन्या काळी बोटीच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळावर रंगीत पट्टे असत. दर तासाला दोनदा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तीन मिनिटं सगळ्या जगातल्या बोटींनी गप्प राहायचं आणि ऐकायचं. लांब कुठेतरी एखादी बोट बुडत असेल तर तिचा क्षीण आवाज कोणाच्या तरी कानावर पडावा म्हणून. बोटी सुटल्या, ते घड्याळ सुटलं, पण अण्णांचं गप्प होणं सुटलं नाही. बोलता बोलता, जेवता जेवता, वाक्याच्या मध्यावर ते थांबायचे आणि तीन मिनिटांनी तेच वाक्य पुढे न्यायचे. काकी तेवढ्यात आपलं म्हणणं उरकून घेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, भांडण असं झालंच नाही, दर अर्ध्या तासाने ह्यांना थांबायचंच असतं, असं त्या सांगायच्या.

एकदा एक विक्रेता मुंबईहून चिप विकायला आला. गुळगुळीत बोलणारा, गळ्यात टाय. झोपेतला आकडा सांगताना तर त्याचे डोळे भरून येतील की काय असं वाटत होतं. नेमके पंचेचाळिसाव्या मिनिटाला अण्णा गप्प झाले. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा समुद्राकडे. पहिलं मिनिट तो हसत राहिला. दुसऱ्या मिनिटाला त्याने टाय सैल केला. तिसऱ्या मिनिटाला तो आपण होऊन म्हणाला की तसं बघितलं तर हा आकडा मेमरी पुसून टाकली तरच मिळतो, म्हणजे चिप उठली की तिला काहीच आठवत नाही, आणि आठवण शिल्लक ठेवायची तर खर्च पाचपट. अठ्ठेचाळीस झाले. अण्णांनी डोळे उघडले आणि त्याला चहा घेणार का, असं विचारलं. त्याचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही.

आता साकवाचं सांगायला हवं. अण्णांच्या उतारवयातली सगळी निवड, सगळा हट्ट त्या एका साकवासाठी होता.

जयगडच्या रस्त्यावरून आत वळलं की एक वाडी लागते. तिथे अण्णांची धाकटी बहीण दिली होती, शालनआत्या. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये एक पऱ्या आहे, दिवाळीनंतर आटणारा आणि पावसात वरच्या डोंगराचं पाणी घेऊन अचानक फुगणारा ओढा. त्याच्यावर साकव, एक अरुंद पूल. शाळेची मुलं, लावणीला जाणाऱ्या बायका, सगळे त्यावरूनच. कोणा बाहेरगावच्या कंपनीने तिथे एक डबी बसवली होती, पाणी चढलं की वाडीत घंटा वाजवणारी. बसवली तेव्हा आत्यांच्या यजमानांनी अण्णांना मुद्दाम बोलावून घेतलं, तुम्ही यातले जाणकार, बघून सांगा म्हणून. अण्णांनी माहितीपत्रक चाळलं, पहिल्या पानावरचा आकडा बघितला आणि बहिणीला म्हणाले, पाच वर्षं बघायला नको, निर्धास्त राहा.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात आत्यांचे यजमान तिन्हीसांजेला परत येत होते. घंटा वाजली नव्हती, म्हणून ते साकवावर चढले. डबीतला सेल तीन आठवड्यांपूर्वीच संपला होता. घंटा गप्प होती आणि वाडीतल्या सगळ्यांनी त्या गप्प राहण्याचा अर्थ पाणी कमी आहे असा घेतला होता. ते दुसऱ्या दिवशी खाली खाडीकाठच्या खाजणात सापडले.

शालनआत्यांनी भावाला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्या त्याच्याशी बोलायच्याच थांबल्या. अण्णा महिन्यातून एकदा जायचे. आत्या पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या आणि शेजारच्या सुनेला सांगायच्या, ह्यांना विचार चहा घेणार का. मी दोन-तीनदा बरोबर गेले होते. परतताना गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसत आणि मला गाणी लावायची हिंमत होत नसे. मला त्या बाईंचा राग यायचा, हे कबूल करते. आता येत नाही.

नवी डबी आम्ही करायची असं ठरलं तेव्हा अण्णांची अट एकच होती. तिने दर दहा मिनिटांनी उठून "मी आहे" एवढं कळवलं पाहिजे. ते आलं नाही तर आत्यांच्या घरातल्या यंत्राने पाणी चढल्यावर ओरडतं तितकंच ओरडायचं. मी हिशेब मांडून दाखवला. बोलण्याइतकं महाग दुसरं काही नाही, सेलची निम्मी शक्ती नुसतं "आहे" म्हणण्यात जाईल. अण्णा म्हणाले, "मग झोप तेवढी चांगली शोध."

रेडिओ निवडताना मी तोंडावर पडले. मला आवडलेला रेडिओ मोबाइलला जोडून कानात घालायच्या यंत्रांत असतो त्या जातीचा, चटकन बोलून मोकळा होणारा. माघात साकवापासून वाडीपर्यंत त्याचा आवाज खणखणीत पोचला होता. अण्णांनी मला पुन्हा श्रावणात नेलं. मधल्या रानात पानांची दाटी, प्रत्येक पानावर पाणी. मी डबी घेऊन साकवाशी उभी आणि अण्णा छत्री धरून वाडीकडे चालत फोनवर सांगताहेत, आहे, आहे, आहे, नाही. अर्ध्या वाटेतच नाही. ओली पानं त्या लहरी पिऊन टाकत होती. मग आम्ही खालच्या पट्टीत बोलणारा रेडिओ घेतला, सावकाश आणि जाड आवाजाचा. तो पानांतून वाट काढत घरापर्यंत गेला.

मायक्रोकंट्रोलरसाठी पुढच्या उन्हाळ्यात शेवटी दोन चिपा उरल्या. एक अण्णांच्या पसंतीची, जुनी, सरळमार्गी. दुसरी मी शोधलेली, तिच्यासाठी मी महिनाभर माहितीपत्रकं उपसली होती. दोघी कातळावर गेल्या. माझी चिप पहिल्याच दुपारी ढेपाळली. कपॅसिटर भराभर रिकामा. दुसऱ्या दिवशीही तेच. अण्णांनी ती बाजूला ठेवली, आणि मी जरा जास्तच तोंड पाडून घरी गेले. त्यांच्या चिपवर दहा मिनिटांचं गणित पावसाळाभर टिकत नव्हतं, म्हणून नाइलाजाने "आहे" तासावर नेलं. वैशाखाच्या शेवटी डबी साकवाखाली बसली. त्या दिवशी अण्णा मुळीच खूश नव्हते. तासाभरात तो पऱ्या माणसाच्या कमरेवर येतो, एवढंच ते दोनदा म्हणाले.

आठ-दहा दिवसांनी अण्णा रिक्षा करून माझ्या कार्यशाळेत आले. हातात माझ्या टाकलेल्या चिपची पाटी, म्हणजे ती बसवलेला सर्किट बोर्ड. पायऱ्या चढून धाप लागली होती, पण बसले नाहीत.

"मुग्धा, तुझी चिप निर्दोष आहे," ते म्हणाले. "मीच ती खारवली."

झालं होतं असं. आमसुलं करताना काकी कोकमाची सालं त्याच्याच खारवलेल्या रसात, आगळात, बुडवून उन्हात घालतात, पुन्हा बुडवतात, पुन्हा घालतात. ज्या परातीत सालं वाळायची तीच परात रिकामी दिसली म्हणून अण्णांनी माझी पाटी तिच्यात ठेवली होती. आवराआवरी करताना काकींनी ती उचलली, खाली गुलाबी डाग बघितला आणि म्हणाल्या, ह्याला आगळ लागलंय. अण्णांनी पाटीला जीभ लावली. खारट. चिप शहाण्यासारखी झोपली होती, तिच्या पायांमधून मिठाच्या ओलीतून वीज गळत होती. त्यांनी पाटी स्पिरिटने धुतली, वाळवली, पुन्हा तीन दुपारी कातळावर बसले. ती त्यांच्या चिपच्या दुप्पट झोपत होती. सगळं आयुष्य समुद्रावर मीठ पुसत काढलेला माणूस घरच्या परातीतल्या मिठाला फसला. मला हसू यायला हवं होतं, पण त्यांचा चेहरा बघून आलं नाही.

मी म्हटलं, आहे ती डबी राहू दे, दिवाळीनंतर बदलू. ते म्हणाले, दिवाळीनंतर साकवावरून कोणीही जाईल. मला दहा मिनिटं हवीत. मग आम्ही चार दिवस दुसरं काही केलं नाही. माझ्या चिपची नवी पाटी तयार केली, दोनदा धुतली, वरून लाखेसारखा लेप दिला, आणि मृगाचं आभाळ भरून येत असताना वाडी गाठली.

डबी बदलून आम्ही आत्यांच्या पडवीत गेलो. घरातल्या यंत्रावर या वेळी एक हिरवा दिवा होता. आत्यांनी तांब्या ठेवला. शेजारची सून आलेली नव्हती, त्यामुळे चहाचं विचारायला कोणी नव्हतं. अण्णांनी पाणी प्यायलं नाही. उभ्यानेच म्हणाले, "शालन, पुन्हा चुकलो होतो. या वेळी आधी कळलं, एवढंच."

त्यांनी सगळं सांगितलं. परात, मीठ, तासाची डबी, सगळं. आत्या खांबाला टेकून ऐकत होत्या. मग जवळजवळ दोन वर्षांनी त्या भावाशी बोलल्या.

"मागचंपण असंच गप पडून होतं," त्या म्हणाल्या. "हे निजलंय का मेलंय, ते मला कसं कळायचं?"

मी इतकी माहितीपत्रकं वाचली आहेत, पण या धंद्यातला याहून नेमका प्रश्न मी कुठे वाचलेला नाही. अण्णांनी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं. दहा मिनिटांनी एकदा लुकलुकेल, म्हणाले, तेवढं बघ. तो नाही लुकलुकला तर घंटा होईल. घंटा कशाचीही असो, साकवावर कोणाला चढू देऊ नको. आम्ही निघेपर्यंत आत्या दिव्यासमोर बसून होत्या, आणि तो तीनदा लुकलुकला.

आषाढात एका दुपारी घंटा वाजली. वर डोंगरावर पाऊस कोसळला होता, वाडीत साधी रिपरिप होती, कोणाला संशय येण्याचं कारण नव्हतं. आत्या तशाच धावत साकवाच्या अलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि पलीकडून येणाऱ्या शाळेच्या पोरांना हात उंच करून तिथेच थांबवलं. पाणी साकवावरून गेलं तेव्हा पोरं रस्त्यावर उभी राहून ते बघत होती. संध्याकाळी आत्यांनी अण्णांना फोन केला आणि "वाजली" एवढंच सांगून ठेवून दिला. अण्णांनी मला हे सांगितलं तेव्हा ते रडत होते, आणि डोळे पुसायचं त्यांना सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटीच वाडीला गेले होते, सेलची तपासणी करायला. तशी काही गरज नव्हती, सेल जवळजवळ भरलेला होता. अण्णा चार दिवसांपासून बहिणीकडेच राहायला आले होते. पुढे पंधरा दिवसांतच ते गेले, झोपेतच, पण त्या दिवशी तसं काही मनात येण्यासारखं नव्हतं. ऊन कलतं झालं होतं. अण्णा पडवीत चटईवर उताणे झोपले होते, तोंड किंचित उघडं, हात छातीवर. मी त्यांना इतकं बेसावध कधी पाहिलं नव्हतं. शेजारी आत्या सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या.

भिंतीवरचा दिवा लुकलुकला. आत्यांनी मान वर केली नाही, पण गोष्ट ऐकणाऱ्याने सांगणाऱ्याला द्यावा तसा सवयीने हुंकार दिला, "हूं." निवडणं चालूच. अण्णांचा निरोप घेऊन निघावं म्हणून त्यांना हाक मारायला वाकले, तर आत्यांनी सूप खाली ठेवून माझा हात धरला.

"निजू दे त्याला," त्या हळूच म्हणाल्या. "मी हाय जागी."